नाट्यप्रयोगांचीं जुनीं परीक्षणें : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

(१) प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून पत्रें, सनदा, महजर, शकावल्या, हिशेबाचे ताळेबंद व बखरी यांची योग्यता आतां सर्वमान्य झाली आहे. १८९८ सालीं राजवाड्यांच्या साधनखंडांपैकीं पहिला खंड बाहेर पडला. तेव्हांपासून जुना कागद जपावा, अस्सल व नक्कल यांतील भेद पाहावा, लिहिणारा प्रसंगाच्या किती जवळ होता हें तपासावें, हे नियम संशोधकांच्या अंगवळणीं पडले आहेत. परंतु ज्या घरांतून मोडी पत्रांचे रुमाल निघतात, त्याच घरांच्या माळ्यावर एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील छापील कागदांचे गठ्ठेही असतात. नाटकांच्या जाहिराती, हस्तपत्रकें, मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, नटांचीं पत्रें, आणि गांवीं आलेल्या एखाद्या मंडळीच्या खेळाविषयीं अर्धा रकाना मजकूर ज्यांत आहे असे वर्तमानपत्रांचे अंक, असें पुष्कळ कांहीं त्या गठ्ठ्यांत सांपडतें. संग्राहक मोडी पत्रें वेंचून घेतो आणि बाकीचें रद्दींत जातें.

प्रस्तुत लेखांत आम्ही या उपेक्षित कागदांपैकीं एकाच प्रकाराचा, म्हणजे नाट्यप्रयोगांच्या समकालीन परीक्षणांचा, विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : नाटकाची संहिता म्हणजे नाटकाचा प्रयोग नव्हे. प्रयोग हा एका रात्रीचा असतो व पडदा पडतांच तो संपतो. त्याची साक्ष देणारा माणूस म्हणजे त्या रात्रीं तेथें बसलेला प्रेक्षक, आणि त्या प्रेक्षकाची लेखी जबानी म्हणजे परीक्षण. मोठ्या मंडळ्यांविषयीं चरित्रें, आत्मचरित्रें, छायाचित्रें व पुढें ध्वनिमुद्रिकाही मिळतात. परंतु एका गांवाच्या नांवावर निघालेली, चार-दोन जिल्ह्यांत फिरून मोडलेली जी लहान मंडळी, तिचा सर्व इतिहास कित्येकदां अशा एका अर्ध्या रकान्यावर उभा असतो. म्हणून या कागदांस पत्राइतकेंच जपलें पाहिजे, आणि पत्राइतकेंच कठोरपणें तपासलेंही पाहिजे.

(२) संहिता आणि प्रयोग

हा भेद स्पष्ट होण्यास दोन ठिकाणांची तुलना उपयोगी पडेल. तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत भोसले राजांच्या काळांतील मराठी नाटकांचीं हस्तलिखितें आहेत. व्यंकोजी राजांचे पुत्र शहाजी राजे (राज्यकाल १६८४–१७१२) यांच्या नांवावरील 'लक्ष्मीनारायणकल्याण' हें त्यांतील प्रसिद्ध नाटक होय. तेथें संहिता आपल्या हातीं आहे. पदें आहेत, भाषणें आहेत, पात्रांचा प्रवेशक्रमही आहे. परंतु सोंगें कोणीं घेतलीं, दरबारांत कोण बसलें होतें, कोणत्या पदास दाद मिळाली व कोणत्या प्रवेशास लोक कंटाळले, हें संहितेवरून कळत नाहीं.

सांगलीची स्थिति नेमकी उलट आहे. विष्णुदास भावे यांच्या नाटकांत पदें म्हणण्याचें काम सूत्रधाराचें असे. पात्रें त्या पदांच्या अनुसंधानानें आपापलीं भाषणें आयत्या वेळीं करीत. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ सालीं छापून निघाला. त्यांत आहेत तीं पदें. पात्रांनीं रंगभूमीवर जें गद्य उच्चारलें तें कोठेंच लिहिलेलें नव्हतें, म्हणून तें छापण्याचाही प्रश्न नव्हता. केवळ हा संग्रह वाचून कोणी त्या खेळांविषयीं मत बनवील, तर त्यास तें आख्यानपर कीर्तन वाटेल. प्रत्यक्षांत प्रेक्षकांस जें दिसलें तें फार निराळें होतें. प्रथम सूत्रधार व विदूषक यांचा संवाद, मग गणपतीचें येणें, मोरावर बसलेल्या सरस्वतीचें नाचणें, आणि पुढें कथानक सुरू झाल्यावर आरोळ्या ठोकीत राक्षसांचा प्रवेश. या आरोळ्यांवरूनच पुढील पिढीनें त्या सबंध प्रकारास 'अललडुर्र' असें थट्टेचें नांव दिलें. हें सर्व आपणांस ठाऊक आहे, तें खेळ पाहिलेल्या माणसांनीं सांगितलें म्हणून.

सारांश, तंजावरास शब्द राहिले व प्रेक्षक गेला, आणि सांगलीस प्रेक्षकाची आठवण राहिली व शब्दांचा मोठा भाग गेला. हस्तलिखितांचा संग्राहक स्वाभाविकपणेंच पहिल्या प्रकारास मान देतो. इतिहासकारास दोन्ही लागतात.

(३) मागाहूनची हकीकत व समकालीन साक्ष

सांगलीच्या आरंभाची हकीकत सर्वश्रुत आहे. १८४२ सालीं कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं तशा तऱ्हेचे, परंतु अधिक व्यवस्थित असे, मराठी खेळ बसविण्याची आज्ञा भाव्यांस केली. १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' हा खेळ राजांसमोर झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ.

या हकीकतीचा मुख्य आधार पाहिला तर तो भाव्यांनीं स्वतः सांगितलेला वृत्तांत होय, आणि तो छापला गेला १८८५ सालीं. म्हणजे प्रसंग व लेख यांत बेचाळीस वर्षांचें अंतर आहे. एखाद्या लढाईविषयीं बेचाळीस वर्षांनीं लिहिलेल्या बखरीस आपण जो दर्जा देतों, तोच दर्जा येथेंही दिला पाहिजे. लिहिणारा स्वतः त्या प्रसंगाचा कर्ता होता, हें त्याच्या बाजूचें. तोच कर्ता असल्यामुळें आपल्या कार्याचें श्रेय नोंदविण्याची त्यास इच्छा असणारच, हें दुसऱ्या बाजूचें. असा वृत्तांत टाकून देण्याजोगा नसतो. त्यांतील घटनांचा क्रम सामान्यतः धरावा आणि बारीक तपशील व प्रथमत्वाचा दावा यांस दुसरा आधार शोधावा, हाच मार्ग योग्य.

१८५१ सालीं आप्पासाहेब वारले व मंडळीचा राजाश्रय सुटला. उदरनिर्वाहासाठीं ती परगांवीं हिंडूं लागली आणि १८५३ सालीं मुंबईस पोंचली. ग्रँट रोडवर जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकारानें झालेलें नाटकगृह होतें. तेथें सांगलीकरांनीं तिकिटें लावून खेळ केले. याच वर्षीं २६ नोव्हेंबर रोजीं 'राजा गोपीचंद' हा हिंदी खेळही भाव्यांनीं केला.

मुंबईंतील या खेळांनीं साधनांचा प्रकारच बदलला. सांगलींतील खेळाचा आश्रयदाता एक राजा होता व त्याची पसंती हीच काय ती परीक्षा. मुंबईस पैसे मोजून आलेला अनोळखी माणूस प्रेक्षक झाला. त्यास खेळाची बातमी आगाऊ हवी, आणि खेळ कसा झाला हेंही दुसऱ्यास कळावयास हवें. म्हणून जाहिरात व अभिप्राय या दोन्ही गोष्टी तिकिटाबरोबर जन्मास आल्या. 'बॉम्बे टाइम्स' पत्रानें या खेळांची दखल घेतली, ती समकालीन साक्ष होय. राजाश्रयाच्या काळांतील खेळ दरबारी हिशेबांत शोधावा, आणि तिकिटाच्या काळांतील खेळ वर्तमानपत्रांत शोधावा, असा सामान्य नियम यावरून बांधतां येईल.

मराठी पत्रांची परंपरा तोंपर्यंत चांगली रुजली होती. 'दर्पण' १८३२ सालीं, 'प्रभाकर' १८४१ सालीं व पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ सालीं सुरू झाला होता. पुढें 'इंदुप्रकाश' (१८६२), 'विविधज्ञानविस्तार' (१८६७) व 'केसरी' (१८८१) यांची भर पडली. सांगलीकरांच्या मागोमाग आळतेकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशा गांवांच्या नांवांनीं मंडळ्या निघाल्या. त्या सर्वांचा माग काढावयाचा तर या पत्रांच्या फायली पानोपान चाळल्यावांचून गत्यंतर नाहीं. येथें एक सावधगिरी मात्र ठेवावी. मंडळी फुटली म्हणजे तेंच गांवाचें नांव, मागेंपुढें एखादा शब्द जोडून, दुसरी फळीही लावूं शके. म्हणून पत्रांत नुसतें 'सांगलीकर' दिसलें, तर ती भाव्यांचीच मंडळी असें समजूं नये. चालकाचें अगर प्रमुख पात्रांचें नांव जुळेल तेव्हांच ओळख पक्की धरावी.

(४) परक्याची नजर

परीक्षण लिहिणारा घरचा कीं परका, या प्रश्नास फार महत्त्व आहे. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं शेक्सपीयरच्या 'सिंबेलाइन' नाटकाच्या आधारें 'तारा' हें नाटक लिहिलें व तें १८७९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचा बडोद्यास प्रयोग झाला. तेव्हां बडोद्यास अध्यापनाच्या कामीं असलेले हॅरोल्ड लिट्लडेल यांनीं तो पाहिला, आणि 'मॅक्मिलन्स मॅगझिन' या विलायती मासिकांत १८८० सालीं त्यावर एक लेख लिहिला. एका मराठी मंडळीचा, एका संस्थानी शहरांतील खेळ, आणि त्याची साक्ष लंडनच्या मासिकांत सांपडावी, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या रंगभूमीचीं साधनें केवळ मराठी पत्रांतच असतील, असें मानणें चुकीचें होय.

घरच्या परीक्षकास जें रोजचें वाटतें तें तो लिहीत नाहीं. नाटकगृहाची बांधणी, दिव्यांची सोय, बैठकींची व्यवस्था, स्त्रियांचीं कामें पुरुषांनीं करणें, आरंभींचें मंगलाचरण, मध्यंतरींची गडबड, यांचा उल्लेख पुण्याचा लेखक पुण्याच्या वाचकासाठीं कशाला करील? परका मनुष्य मात्र याच गोष्टी प्रथम पाहतो, कारण त्यास त्या नव्या असतात. नाटकगृह व प्रेक्षक यांसंबंधीं परक्याची जबानी म्हणूनच मोलाची असते. उलटपक्षीं, भाषणाची गोडी, पदाची चाल, विनोदाचा रोख, प्रेक्षक नेमके कोणत्या शब्दास हसले, या बाबतींत त्याच्या जबानीस थोडाच विश्वास द्यावा. त्यास जें दिसलें तें घ्यावें, जें ऐकूं आलें तें जपून घ्यावें. आपल्याकडील इंग्रज व पोर्तुगीज वखारवाल्यांचीं पत्रें वापरतांना आपण हाच विवेक करितों.

(५) छापील पुस्तक व त्या रात्रींचा खेळ

आतां पुण्याकडे वळूं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहांत बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत 'शाकुंतला'चा प्रयोग झाला, आणि संगीत नाटकाचें नवें युग सुरू झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु छापील 'शाकुंतल' उघडून जो वाचक त्या रात्रीची कल्पना करूं पाहील तो फसेल. पुस्तकांत सात अंक आहेत. त्या रात्रीं झाले ते पहिले चार. 'सौभद्रा'चीही तीच गोष्ट. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं पुण्यास पूर्णानंद नाटकगृहांत त्या नाटकाचे पहिले तीनच अंक झाले. राहिलेले अंक मागाहून रचले जाऊन पुरें नाटक पुढें रंगभूमीवर आलें. 'रामराज्यवियोग' तर १८८५ सालीं किर्लोस्कर निवर्तले तेव्हां अपुरेंच राहिलें होतें.

म्हणजे या मंडळीचें नाटक लोकांसमोर वाढत गेलें. पहिल्या प्रेक्षकांची पसंती पाहून पुढचे अंक लिहिले गेले. नाटककार, नट व प्रेक्षक यांचें हें देणेंघेणें छापील प्रतींत उमटत नाहीं, कारण छापील प्रत शेवटची असते. हस्तलिखितांच्या भाषेंत सांगावयाचें तर पुस्तक ही शुद्ध केलेली नक्कल, आणि प्रत्येक रात्रींचा प्रयोग हा एकेक स्वतंत्र पाठ. पाठभेदांसाठीं आपण ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहतों. नाटकाच्या पाठभेदांसाठीं निरनिराळ्या रात्रींचीं परीक्षणें ताडून पाहिलीं पाहिजेत.

पात्रांविषयींही हेंच. १८८२ सालीं भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळींत आले व आपल्या गळ्यानें त्यांनीं महाराष्ट्रास वेड लावलें. आधीं त्यांनीं स्त्रीभूमिका केल्या व पुढें पुरुषभूमिकाही केल्या. १९०१ सालीं ते वारले. तेव्हां 'किर्लोस्कर मंडळीचें शाकुंतल' असें म्हणतांना १८८० चें कीं १८८३ चें, हें सांगावेंच लागतें. त्या दोन सालांमध्यें संहिता वाढली, पात्रें बदललीं, आणि प्रेक्षकांची अपेक्षाही बदलली. साल, महिना व गांव यांवांचून केलेलें 'शाकुंतला'च्या प्रयोगाचें वर्णन हें बिनतारखेच्या पत्रासारखें आहे.

आणखी एक भेद येथेंच नोंदवितों. जुन्या मासिकांत 'नाटकाचें परीक्षण' या मथळ्याखालीं जें येतें तें पुष्कळदां छापील पुस्तकाचें परीक्षण असतें. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' (१८७२) हा आपल्या नाट्यविचारांतील महत्त्वाचा लेख खरा, पण तो वाङ्मयप्रकारांविषयीं आहे. एखाद्या रात्रींच्या खेळाची ती साक्ष नव्हे. संग्रहाची यादी करितांना पुस्तकपरीक्षण व प्रयोगपरीक्षण यांचीं खातीं निराळीं ठेवावीं.

(६) परीक्षकाचे हितसंबंध

परीक्षण हें समकालीन असलें तरी तें निःपक्षपाती असतें असें नाहीं. लहान गांवांत तर मंडळीचा चालक, पत्राचा संपादक व परीक्षक हे एकाच आळींतले असावयाचे. संपादकास जाहिरातीचे पैसे मिळतात, परीक्षकास पुढच्या रांगेची बैठक फुकट मिळते, आणि दुसऱ्या दिवशीं मंडळीच्या बिऱ्हाडीं फराळासही बोलावणें असतें. अशा ठिकाणीं 'प्रेक्षकांची अतोनात गर्दी झाली होती' हें वाक्य सनदेच्या मायन्याप्रमाणें ठरीव समजावें. तें वाचून थांबूं नये. त्याच्या पुढें, स्तुतीच्या ओघांत लेखकाच्या हातून जें सहज निसटलें असेल तें पाहावें. अमक्या पात्राचा आवाज बसला होता, खेळ उशीरां सुरू झाला, दिव्यांचा धूर झाला, मागच्या लोकांस ऐकूं आलें नाहीं, असल्या वाक्यांत कोणाचा फायदा नसतो. म्हणून तींच सर्वांत विश्वसनीय.

परीक्षक स्वतः नाटककार असला तर तपासणीची तऱ्हा बदलते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं 'विक्रमशशिकला' नाटकाचें परीक्षण 'विविधज्ञानविस्तारा'त लिहून आपल्या लेखनास आरंभ केला, आणि १८९६ सालीं त्यांचें 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें. दुसऱ्याच्या नाटकांत जे दोष त्यांनीं दाखविले, ते टाळून नवें नाटक कसें असावें हा विचार त्यांच्या मनांत घोळत असला पाहिजे. अशा परीक्षणांतून परीक्षिलेल्या नाटकाइतकीच परीक्षकाच्या पुढील नाटकांचीही माहिती मिळते. तें दोघांच्याही खात्यावर मांडावें.

शत्रूच्या साक्षीचें उत्तम उदाहरण म्हणजे 'कीचकवध'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें हें नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीनें २३ फेब्रुवारी १९०७ रोजीं प्रथम केलें. कथानक विराटपर्वांतलें. संहितेंत कोठेंही लॉर्ड कर्झनचें नांव नाहीं, आणि हिंदुस्थानच्या राजकारणाचा उघड उल्लेखही नाहीं. परंतु कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष व भीम म्हणजे जहाल पक्ष, असा अर्थ प्रेक्षकांनीं लावला. सरकारी अधिकाऱ्यांनींही तोच अर्थ लावला. लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत त्याविरुद्ध मजकूर आला, आणि जानेवारी १९१० मध्यें १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यान्वयें प्रयोगास बंदी झाली.

आतां असें पाहा. पन्नास पिढ्यांनंतर कोणा संशोधकाच्या हातीं केवळ 'कीचकवधा'ची संहिता लागली, तर त्यास तें उत्तम पौराणिक नाटक वाटेल व तें बंद कां झालें याचा उलगडा होणार नाहीं. नाटकाचा खरा अर्थ रंगभूमि व प्रेक्षागार यांच्यामध्यें होता, आणि तो टिपून ठेवला तो मुख्यतः नाटकाच्या शत्रूंनीं. अर्थात् शत्रूसही आपला हेतु असतो. बंदीचें समर्थन व्हावें म्हणून तो प्रेक्षकांचा क्षोभ वाढवून सांगतो. मित्र बंदी टळावी म्हणून 'ही तर नुसती पुराणांतली गोष्ट' असें म्हणतो. दोघांच्याही जबान्या समोरासमोर ठेवून, जेथें दोघांचें एकमत होतें तेवढें निश्चित धरावें. पानिपतच्या कागदांत मराठी पत्रें व फारसी तवारिखा आपण अशाच ताडून पाहतों.

(७) तारखांची पडताळणी

परीक्षणें व हस्तपत्रकें यांवर कित्येकदां नुसता वार व तिथि असते. कित्येकदां इंग्रजी तारीख असते पण साल नसतें. अशा कागदांचें साल ठरविण्यास जंत्री हेंच मुख्य साधन. त्यास नाटकधंद्याची एक रीत साह्य करते. आपल्याकडे नाटकांचे वार ठरलेले असत, व त्यांत शनिवार प्रमुख. वर दिलेल्या तारखा ताडून पाहतां २६ नोव्हेंबर १८५३, १८ नोव्हेंबर १८८२ व २३ फेब्रुवारी १९०७ या तिन्ही तारखांस शनिवार येतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं रविवार होता, आणि ते दिवस दिवाळीचे होते.

वार जुळला म्हणजे तारीख सिद्ध झाली असें नव्हे. सात तारखांपैकीं एकीस शनिवार यावयाचाच. परंतु एखाद्या आठवणींत सांगितलेली तारीख जंत्रीप्रमाणें भलत्याच वारीं पडत असेल, तर ती आठवण पुन्हा तपासावी. पत्राच्या अंकाची तारीख व खेळाची तारीख यांचाही घोटाळा होतो. साप्ताहिकांत आलेला अभिप्राय मागील आठवड्यांतील खेळाचा असतो, आणि 'गेल्या शनिवारीं' या शब्दांवरून मागें मोजून खेळाचा दिवस काढावा लागतो. ज्यानें कात्रण कापतांना अंकाची तारीख उतरून घेतली नाहीं, त्यानें हा मोजण्याचा आरंभबिंदूच नाहींसा केला.

(८) कागदाची अवस्था व संग्राहकांचें कर्तव्य

शेवटीं ज्या कारणासाठीं हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणलें त्याकडे येतों. जुन्नरी अगर दौलताबादी हातकागदावर लिहिलेलें पेशवाईंतील पत्र, वाळवी व ओल यांपासून वांचलें, तर आजही हातांत धरून वाचतां येतें. तो कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून चिवट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वर्तमानपत्रें लांकडाच्या लगद्याच्या यंत्रकागदावर छापलीं जाऊं लागलीं. त्या कागदांत आम्ल असतें. तो आपोआप पिवळा पडतो, कडांनीं ठिसूळ होतो, आणि घडी उघडतांच तुकडे पडतात. हस्तपत्रकें त्याहूनही हलक्या रंगीत कागदावर छापीत, कारण तीं एका संध्याकाळपुरतीं असत. तात्पर्य, १७५० चें पत्र आणखी शंभर वर्षें टिकेल, परंतु १८९० च्या नाटकाचा अभिप्राय आपल्या डोळ्यांदेखत भुगा होत आहे. संग्राहकाचा स्वाभाविक कल जुन्याकडे असतो. येथें मात्र जें नवें तेंच अधिक धोक्यांत आहे.

अप्पाजी विष्णु कुळकर्णी यांनीं १९०३ सालीं 'मराठी रंगभूमि' हा ग्रंथ लिहिला, तेव्हां जुने खेळ प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें बोलावयास होतीं. शंकर बापूजी मुजुमदार यांनीं १९०७ सालीं 'रंगभूमि' मासिक काढलें, तेव्हां नाटकमंडळ्यांच्या भरभराटीचा काळ होता. ते साक्षीदार आतां नाहींत. आपल्या हातीं राहिला आहे तो कागद. म्हणून संग्राहक मंडळींस आमच्या कांहीं सूचना आहेत.

पहिली, परीक्षणाचें कात्रण कापूं नये. सबंध अंक ठेवावा. त्याच पानावर त्याच मंडळीची जाहिरात, तिकिटांचे दर व पुढील खेळाची सूचना असण्याचा संभव असतो, आणि परीक्षणाची किंमत त्यांच्या शेजारानें वाढते. दुसरी, कात्रण आधींच झालें असेल तर त्यामागील मजकूरही वाचावा. पाठीवरच्या बाजारभावावरून अगर कोर्टाच्या नोटिशीवरून कित्येकदां साल ठरतें. तिसरी, अंकाची घडी उलगडण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घेण्याची तयारी ठेवावी, कारण दुसऱ्या वेळेस तो उलगडेलच असें नाहीं. चौथी, मंडळीच्या जमाखर्चाच्या वहींत ज्या रात्रींचें उत्पन्न लिहिलें असेल, त्याच रात्रींचें परीक्षण शोधावें. परीक्षक 'अतोनात गर्दी' म्हणतो तेव्हां वही काय म्हणते, ही ताडणी फार बोधप्रद असते. पांचवी, प्रसिद्ध मंडळ्यांचे कागद जपणारे पुष्कळ आहेत. ज्या मंडळीचें नांव कोणास ठाऊक नाहीं तिचाच कागद आधीं जपावा, कारण त्याची दुसरी प्रत नसण्याचाच संभव अधिक.

हा पांचवा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किर्लोस्कर मंडळीचा एखादा अभिप्राय हरवला तर त्या मंडळीच्या इतिहासांतील एक ओळ कमी होईल. परंतु तालुक्याच्या गांवीं, धान्याच्या वखारींत अगर देवळाच्या ओवरींत पडदा बांधून चार महिने खेळ करणाऱ्या मंडळीचा एकुलता एक अभिप्राय हरवला, तर ती मंडळी होती हेंच कळावयाचें नाहीं. मराठी नाटक गांवोगांवीं पोंचलें तें अशाच मंडळ्यांनीं पोंचविलें. मोठ्या नटांपैकीं पुष्कळांचें पहिलें पाऊल त्यांच्याच रंगभूमीवर पडलें असेल. ज्यांच्या घरीं असे गठ्ठे असतील त्यांनीं ते रद्दींत देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावे, व जवळच्या ग्रंथसंग्रहालयास अगर संशोधनसंस्थेस कळवावें, एवढीच आमची विनंती आहे.